गळक्या छपराचं गाणं

आठवा महिना, सहावा दिवस

मडक्याचा आवाज. आज पहाटे जाग आली ती त्यानेच, आणि अंथरुणावर उठून बसल्यावर कळलं की आवाज बासष्ट वर्षांपूर्वीचा आहे.

आमचे गुरुजी पालथ्या मडक्यावर वेताची छडी आपटून ताल धरायचे. मडक्याला एका बाजूने चीर होती आणि गुरुजींचा चौथा ठोका दर वेळी नेमका त्या चिरेवर पडायचा. ठण, ठण, ठण, भद्द. आम्ही बारा मुलं त्या तालावर जुनी गाणी घोकायचो. अजूनही कुठलंही गाणं ऐकलं की चौथ्या ठोक्याला माझ्या मनात काहीतरी भद्दकन पडतं. गुरुजींचा दुसरा हट्ट म्हणजे लिहिताना तोंडाने म्हणायचं. ओठ मिटून लिहिणाऱ्याच्या बोटांवर छडी बसे. सत्तरी आली, पण कळकाची पट्टी पुढ्यात घेतली की माझे ओठ आपोआप हलू लागतात.

हे सगळं आजच आठवायला कारण आहे. युंग राज्याचा दूत आला आहे आणि तो दुआन निघाला. आमच्या बारांतला दुआन. माझ्या शेजारी बसायचा, माझी बोरं खायचा.

काल दरबारात सर्वांसमोर त्याने मला वाकून नमस्कार केला. बाहेर पडताना मात्र कानाशी येऊन म्हणाला, "काय रे बेडका, अजून डरावतोस का?"

माझा घोगरा आवाज बासष्ट वर्षं लक्षात ठेवणारं माणूस जगात आहे, याचं मला इतकं बरं वाटलं की घरी येईपर्यंत पाय दुखल्याचं कळलं नाही.

आठवा महिना, आठवा दिवस

युंगचं म्हणणं असं : नदीकाठी चौथरा बांधू, दोन्ही स्वामी त्यावर चढतील, बैलाचं रक्त ओठांना लावून मैत्रीची शपथ घेतील. आदल्या दिवशी मेजवानी. मेजवानीत रीतीप्रमाणे दोन्ही स्वामी जुनं एकेक गाणं म्हणतील.

या गाण्यांवर माझं आयुष्य गेलं. कोणत्या पाहुण्यापुढे कोणतं गाणं म्हणायचं, किती कडव्यांनंतर थांबायचं, त्याने अमुक गाणं म्हटलं तर आपण काय उत्तर द्यायचं, हे स्वामींच्या मागे उभं राहून मी सांगतो. थोरल्या स्वामींना सांगितलं, आता धाकट्यांना सांगतो. बोलून दाखवायचं नाही ते गाण्यातून म्हणायचं. सेनापती हसतात. म्हणतात, "पंडित, तुम्ही गा, आम्ही मरतो."

खरं म्हणजे हसण्यासारखी वेळ नाही. दक्षिणेचा राजा आपल्या मदतीला तीनशे रथ पाठवणार, अशी आवई आम्ही उठवली आहे. आमच्या पेईएवढ्या चिमुकल्या राज्याला युंगने यंदा अजून हात लावला नाही तो त्या रथांच्या धाकाने. आणि रथ नाहीत. दक्षिणेला गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत आला. हे स्वामींना ठाऊक, सेनापतींना ठाऊक आणि मला.

निंगने आज राळ्याची पेज पातळ केली होती. सुनेला काही बोलायची सोय नाही. तीच म्हणाली, "मामंजी, घसा बसलाय तुमचा. बोलणं कमी करा."

दिवसभरात मी कोणाशी बोललोच नाही. तिचं लक्ष हल्ली ठिकाणावर नसतं.

आठवा महिना, अकरावा दिवस

दुआन आणि मी गुरुजींच्या थडग्यावर जाऊन आलो. दोन म्हातारे शाळूसोबती गुरूच्या थडग्यावर गेले तर कोण काय म्हणणार? भर दुपारी, सगळ्यांच्या देखत गेलो. थडग्यावर गवत माजलंय. दुआनने स्वतःच्या हाताने उपटलं. मग आम्ही तिथेच बसून खारवलेला मुळा खाल्ला आणि मडक्याचा ताल धरून गाणी म्हटली. एका ठिकाणी दोघंही अडखळलो, त्याच जागी, जिथे लहानपणी अडखळायचो. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

मग तो म्हणाला, "बेडका, एक विचारू? दक्षिणेचे रथ खरेच येणार आहेत?"

मी मुळ्याची आणखी एक फोड उचलली.

"मला तोंडाने सांगू नकोस. तुझ्या गळ्याला फास लागेल असं मी काही मागणार नाही. पण हे बघ, आमचे सेनापती युद्धाला उतावीळ झालेत. रथ खरे असतील तर आम्ही मुकाट्याने शपथ घेऊ आणि जाऊ. रथ नसतील तर..."

"तर वेढा घालाल."

"तेच तर मला नकोय ना! रथ नाहीत हे आधी कळलं, तर चौथऱ्यावरूनच तुझ्या स्वामींना सन्मानाने युंगला घेऊन जाऊ. पाहुणे म्हणून. मोठं घर, बाग, तलाव. गावाला धक्का नाही, एक दाणा लुटायचा नाही. वेढ्याचं कामच उरणार नाही. विचार कर."

अठरा वर्षांपूर्वीचा वेढा सात महिने चालला. शेवटी आम्ही एल्म झाडांच्या साली उकडून खाल्ल्या. माझा बाओ भिंतीवर गेला तेव्हा चोवीस वर्षांचा होता, आणि तो बाणाने गेला नाही. पहाऱ्यावर उभ्या उभ्या भुकेने खाली बसला, तो उठलाच नाही. निंग तेव्हा एकोणीस वर्षांची होती.

दुआनला मी काही बोललो नाही. पण 'नाही' असंही म्हटलं नाही.

आठवा महिना, बारावा दिवस

थकवा. काही लिहवत नाही. पुन्हा एकदा त्या साली उकडायच्या नाहीत, एवढं एकच वाक्य सकाळपासून डोक्यात आहे.

आठवा महिना, चौदावा दिवस

ठरलं. दुआनशी कसं ठरलं ते लिहून ठेवतो. ह्या पट्ट्या लोणच्याच्या रांजणाखाली राहतात आणि निंगला वाचता येत नाही. मी गेल्यावर कोणाला सापडल्या, तर त्याला निदान कळू दे की मी हे कशाच्याही लोभाने केलं नाही.

मेजवानीत स्वामींनी कोणतं गाणं म्हणायचं ते मी सांगणार. रथ खरे असतील तर जोडनांगराचं गाणं. नसतील तर गळक्या छपराचं.

दोन्ही गाणी निरुपद्रवी. जोडनांगराचं गाणं मैत्रीचं :

तू पुढे ओढ, मी मागे दाबतो,
एकाच मातीत एकच रेघ.
सूर्य बुडाला तर बुडू दे,
घरी जाणारे आपण दोघं.

आणि गळक्या छपराचं नम्रतेचं. गरीब यजमान मोठ्या पाहुण्यापुढे ते नेहमीच म्हणतो, कोणाच्या मनातही काही येणार नाही :

छप्पर गळतं, भांडं ठेवतो,
भांडं भरतं, जागत बसतो.
डोंगरापल्याड शेजार नाही,
हाक मारू ती कोणाला?

शेजार नाही. बस्स, तेवढंच दुआनला हवं आहे. म्हणजे स्वामी स्वतःच्या तोंडाने, भर सभेत, स्वतःचं गुपित शत्रूला सांगतील, आणि त्यांना पत्ताही नसेल. ज्या पोराला मी मांडीवर घेऊन ही गाणी शिकवली त्याच्याच तोंडून. हे लिहिताना हात थांबला. पण बाग आहे, तलाव आहे. आमच्या युएन स्वामींना लहानपणी मासे फार आवडायचे.

फितुराला आपल्याकडे काय शिक्षा आहे ते मला माहीत आहे. त्याच्याबरोबर त्याचं घरही जातं. माझं घर म्हणजे निंग. म्हणून हे कधीही बाहेर फुटता कामा नये.

लिहून होतं आहे तोच पलीकडच्या खोलीत काहीतरी पडून फुटलं. विचारलं तर म्हणाली, "वाटी होती, मामंजी. हातातून निसटली."

आठवा महिना, सतरावा दिवस

दुआन पुन्हा भेटला. बारीकसारीक विचारतो. गावातल्या गोड्या पाण्याच्या विहिरी किती, कोठारात धान्य किती महिन्यांचं, चौथऱ्यावर स्वामी एकटेच चढणार ना. मी म्हटलं, "विहिरींचं तुला रे काय करायचंय?"

"गावाची काळजी घ्यायची तर माहिती नको?" तो म्हणाला. मी आकडे सांगितले. लहानपणीही असाच. प्रत्येक गोष्टीत खोल शिरायचा.

मी हाओ राज्याच्या स्वामींचं विचारलं. तेही युंगला पाहुणे म्हणून गेले होते, तीन वर्षांपूर्वी. दुआनने निःश्वास सोडला. "गेले रे बिचारे. महिन्याभरातच सर्दी छातीत गेली." वाईट वाटलं. त्यांची छाती मुळातच नाजूक असणार.

नदीकाठी युंगच्या लोकांनी बैल पुरण्यासाठी खड्डा खणायला घेतला आहे. केवढा तो खड्डा! एक बैल काय, अख्खा रथ मावेल. मोठ्या राज्याचं सगळंच मोठं.

निंग आज स्वामींच्या थोरल्या मातोश्रींना सूत द्यायला राजवाड्यात गेली होती. दर दहा दिवसांनी जाते, आज अवेळीच गेली. संध्याकाळी आली ती डोळे लाल करून. म्हणाली, मुदपाकखान्यात धूर फार होता.

आठवा महिना, एकोणिसावा दिवस

स्वामींनी तुतीच्या बागेत बोलावलं. एकटेच होते. तुतीची पानं पिवळी पडायला लागली आहेत. मला बसायला चटई दिली आणि स्वतः माझ्यासमोर, शिष्याच्या जागी बसले. किती वर्षांनी.

"गुरुजी, बाओदादा भिंतीवर गेला तेव्हा मी केवढा होतो?"

"नऊ वर्षांचे."

"तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही मला शिकवायला आला होतात. मला आठवतंय. मी घाबरलो होतो की आज तुम्ही येणार नाही, आणि आलात तर रडाल. तुम्ही आलात आणि रडलातही नाही. का आलात?"

"धडा अर्धा राहिला होता, स्वामी."

 मग म्हणाले, "तो वेढा तुमच्या मनातून जात नाही, ना?"

"कोणाच्या जातो?"

"माझ्याही नाही." एक पान उचलून त्यांनी बोटांत चुरडलं. "माझा तुमच्यावर राग नाही हं, गुरुजी."

मला समजेना. "राग कशाबद्दल, स्वामी?"

"असंच. वेढा माझ्या वडिलांनी लांबवला. शरण जाता आलं असतं, गेले नाहीत. बाओदादासारखे किती गेले. तुम्ही कधी एक शब्द बोलला नाहीत." मग हसून विचारलं, "मेजवानीला मी कोणतं गाणं म्हणायचं?"

"अजून ठरवलं नाही." खोटं बोललो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी खोटं बोललो, आणि ते किती सोपं होतं.

"तुम्ही ठरवाल ते ठरवा," ते म्हणाले. "पण जवळ येऊन, कानात सांगा. तुमचं कुजबुजणं हल्ली फार मोठं झालंय."

घरी परत येताना दोनदा रस्त्याच्या कडेला बसावं लागलं.

आठवा महिना, तेविसावा दिवस

मेजवानी झाली. काय झालं ते नीट लिहितो, कारण माझंच मला नीट कळलेलं नाही.

युंगच्या स्वामींनी शिकारीचं गाणं म्हटलं. म्हणजे धमकीच. आमची पाळी आली. मी पुढे वाकलो आणि स्वामींच्या कानात म्हटलं, "गळक्या छपराचं." त्यांनी मान डोलावली. समोर दुआन डोळे मिटून बसला होता, गुरुजींसमोर बसायचा तसा. मी मनात मडकं वाजवायला लागलो. ठण, ठण, ठण.

आणि स्वामींनी सुरुवात केली, "तू पुढे ओढ, मी मागे दाबतो."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकतोय. डावा कान गेलाच आहे, उजवाही निम्मा. पण नाही. जोडनांगराचं गाणं त्यांनी सुरेख म्हटलं, सावकाश, एकही कडवं न गाळता. 'घरी जाणारे आपण दोघं' म्हणताना मान जराशी दक्षिणेकडे वळवली. ही वळवण्याची तऱ्हा मीच त्यांना शिकवलेली.

दुआनने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. मला खोकला आला. खरंच आला. खाली वाकून खोकत राहिलो. डोकं वर केलं तेव्हा दुआन आपल्या स्वामींच्या कानाशी लागला होता, आणि युंगचे स्वामी पेला हातात धरून तसेच थांबले होते.

लहानपणी युएनची या दोन गाण्यांत नेहमी गल्लत व्हायची. नांगर म्हटलं की छप्पर सुरू करायचा, छप्पर म्हटलं की नांगर. मी किती छड्या मारल्या. इतक्या वर्षांनी, नेमक्या आजच्या दिवशी पुन्हा गल्लत व्हावी!

आठवा महिना, चोविसावा दिवस

शपथ झाली. बरोबरीच्या नात्याने. दोन्ही स्वामी चौथऱ्यावर चढले, रक्त लावलं, उतरले आणि आपापल्या रथांत बसले. कोणी कोणाला कुठे नेलं नाही.

दुआन निघताना भेटला. माझा हात दोन्ही हातांत घेतला. "बेडका, तू खरं सांगितलंस म्हणून वाचलो. रथ येतायत हे कळलं नसतं, तर आज केवढी चूक करून बसलो असतो!"

"आणि रथ नसते तर?"

"आता कशाला ते?"

"तो खड्डा बैलासाठी होता ना, दुआन?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. बासष्ट वर्षांपूर्वी माझी बोरं खाऊन झाल्यावर बघायचा, अगदी तसंच. "तू अजून तिथेच बसलायस बघ," म्हणाला, "गुरुजींच्या पुढ्यात." आणि रथात चढला.

त्यांच्या गाड्या नदी ओलांडू लागल्या. मेजवानीच्या चटया आहेत असं सांगितलं होतं त्या गाड्या. चढावर वारा सुटला आणि एकीवरचं झाकण उडालं. भाले होते. मला मोजायचे नव्हते, पण नजर मोजत गेलीच. पुढच्या गाडीतही भाले. त्याच्या पुढच्या गाडीत शिड्या.

किती वेळ काठावर उभा होतो कोण जाणे. निंग शोधत आली आणि हाताला धरून घरी घेऊन गेली. 

आठवा महिना, सत्ताविसावा दिवस

तीन दिवस पडून आहे. भिंतीकडे तोंड करून. एका गल्लतीमुळे गाव वाचलं. मी जे विकायला काढलं होतं ते एका विसराळू शिष्याच्या चुकीमुळे विकलं गेलं नाही. बाओ, तुझा बाप ज्याला शाळूसोबती समजत होता तो शिड्या घेऊन आला होता रे. आणि मी त्याला विहिरी मोजून दिल्या.

स्वामींकडून बोलावणं नाही. गाणं चुकल्याची त्यांना लाज वाटत असेल.

निंगने पेज दाट केली आज. म्हणाली, "मामंजी, उठून बसा. स्वामींना खायला काय आवडतं हो?"

"तुला कशाला?"

"मातोश्रींचा हात दुखतोय. म्हटलं, काहीतरी करून पाठवावं."

"लाल बोरांच्या वड्या," मी म्हटलं. "लहानपणी माझ्या बाहीतून चोरायचा."

नववा महिना, दुसरा दिवस

सकाळी उठून खिडकीशी बसलो. ऊन चांगलं आहे. रांजणाखालच्या सगळ्या पट्ट्या बाहेर काढल्या. खरवडून टाकाव्यात असं वाटत होतं. सुरी हातात घेतली आणि पहिलीच ओळ वाचली : मडक्याचा आवाज. ती खरवडवेना. जे खरं आहे ते राहू दे. आज जाऊन स्वामींपुढे सगळं कबूल करावं का? माझं काही नाही, माझे आता दिवसच किती राहिलेत. पण कायदा घराला सोडत नाही, आणि निंगचा यात काय दोष? तिला तर यातलं काहीही

दारावर थाप पडली. मी पट्ट्या गोळा करायला लागलो. म्हातारे हात, दोन खाली सांडल्या. निंगने 'कोण' म्हणून विचारलंसुद्धा नाही. सरळ जाऊन कडी काढली.

दारात स्वामी आहेत. एकटे, पायी, गुडघ्यांपर्यंत चिखल. सारथी नाही, शिपाई नाही. कमरेला तलवार आहे की नाही ते इथून दिसत नाही.

उठायला लागलो तर म्हणाले, "बसा, गुरुजी. कोपऱ्यावरच्या विहिरीपासून तुमचं लिहिणं ऐकत आलो. कान पारच गेले वाटतं तुमचे."

मी निंगकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. चुलीजवळ तीन वाट्या मांडून ठेवल्या आहेत, आणि बोरांच्या वड्यांची टोपली. सकाळपासून मांडलेल्या असणार. मला दिसल्या नव्हत्या.

"लिहा," स्वामी म्हणाले. "मधलं वाक्य अर्धं राहिलंय. अर्धा धडा टाकून तुम्ही कधी उठला नाहीत. मी दारात उभा आहे."

म्हणून लिहितो आहे. तिला तर यातलं काहीही माहीत नाही, असं मला लिहायचं होतं.